राणीच्या बाहीवरचं फूल

पेरिन कादो व्हर्सायच्या राजवाड्यात राणीसाहेबांच्या पोशाखखात्यात लेस दुरुस्त करायची. वय छप्पन्न. नवरा राजवाड्याच्या तबेल्यात होता, त्याला जाऊन बावीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिला ओळखणारे तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगायचे, की ही बाई कुणावर विश्वास ठेवत नाही. भट्टीवाल्याकडून पाव घेतला की ती तो उलटा करून बोटांनी ठोकून बघायची. दूध घेताना दूधवालीच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघायची, कारण लबाडी आधी तोंडावर दिसते असं तिचं म्हणणं. देवळात गुडघे टेकले तरी तिची टोपली दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट.

"पेरिन, देवाच्या घरात कोण नेणार आहे तुझी टोपली?" पाद्रीबाबांनी एकदा हसत विचारलं.

"देवाचा संशय नाही, बाबा. बाकीच्यांचा आहे."

पण या बाईच्या पोटात स्वतःचंच एक गुपित होतं. दोन वर्षांपासून तिला जवळचं दिसेनासं झालं होतं. लांबचं लख्ख दिसे. चौकाच्या पलीकडे कोण उभं आहे, त्याच्या कोटाचं कितवं बटण तुटलंय, हे ती सांगे. पण हातातली लेस म्हणजे नुसतं धुकं. आणि पोशाखखात्याचा दंडक असा, की चष्मा लावणारीने राणीच्या लेसला हात लावायचा नाही. अशा बाईला धोबीखान्यात पाठवायचे. तिथे वाफ, राखेचं पाणी आणि ओल्या दगडांवर दिवसभर उभं राहणं. पेरिनचे गुडघे एक हिवाळाही टिकले नसते.

हे गुपित एकाच माणसाला माहीत होतं. व्होकलाँबाईंना. त्या खात्याच्या मुख्य दासी. चाळीस वर्षांपूर्वी दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या, एकाच खोलीत राहिल्या, एकाच रविवारी बिशपसाहेबांच्या हातून दोघींना श्रद्धा पक्की करणारा दृढीकरणाचा संस्कार मिळाला. पुढे व्होकलाँबाई वर चढल्या, पेरिन होती तिथेच राहिली, पण मैत्री तुटली नाही. रोज सकाळी दार लावून व्होकलाँबाई बारा सुया ओवून पेरिनच्या कापडी गादीत टोचून द्यायच्या. दिवसभर त्या बारा सुयांवर आणि बोटांच्या अंदाजावर पेरिन काम रेटायची. बारीक काम टाळायची, मोठी भोकं मागून घ्यायची. संत लुसी डोळ्यांची रक्षणकर्ती. तिच्यापुढे गुपचूप मेणबत्ती लावून यायची. देवाने डोळे काढून घेतले पण मैत्रीण दिली, असं ती मनातल्या मनात म्हणे. सगळ्या जगात संशयातून सुटलेली ती एकच बाई.

त्या वर्षी राणीसाहेबांचं मोठं चित्र काढायचं ठरलं. परदेशातल्या वकिलातीत लावायला, पूर्ण उंचीचं. काम मिळालं तार्दिव्होमास्तरांना. गावातच, राजवाड्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांची चित्रशाळा होती. राणीसाहेब चित्रासाठी बसल्या त्या फक्त एक तास. तेवढ्यात मास्तरांनी चेहरा वेगळ्या कागदावर काढून घेतला. तो शेवटी कॅनव्हासवर चिकटवायचा. चेहऱ्याला तास पुरतो, झग्याला वीस दिवस लागतात. म्हणून राणीसाहेबांचा निळा झगा चित्रशाळेत जायचा होता, आणि झग्याबरोबर राखणीला खात्यातली एक बाई.

"तूच जा," व्होकलाँबाई म्हणाल्या. "तुझ्यासारखी डोळ्यांत तेल घालून बसणारी दुसरी कोण आहे?"

"डोळ्यांत तेलच उरलंय," पेरिन म्हणाली. दोघी हसल्या.

झगा टोपलीतून आला, वर हिरवं रेशमी कापड टाचण्यांनी बंद केलेलं. मुख्य दासीने टाचलेली टोपली तिच्यादेखत उघडून बघायची नाही, ही जुनी रीत. उघडणं म्हणजे तिला चोर म्हणणं. पेरिनने टाचण्या बोटांनी मोजल्या, चोवीस, आणि कागदावर अंगठ्याएवढी सही केली.

चित्रशाळा म्हणजे तेलाचा वास, एक मोठी खिडकी आणि मधोमध चौथऱ्यावर माणसाएवढी लाकडी बाहुली. तिला झगा चढवायचा, चुण्या पाडायच्या आणि मग वीस दिवस कुणी बोट लावायचं नाही. एक चुणी हलली तर अर्धं चित्र पुसावं लागतं. म्हणून मास्तरांनी चौथऱ्यापासून चार पावलांवर जमिनीवर खडूने रेघ ओढली. पेरिनची खुर्ची रेघेबाहेर.

मास्तर चेहरे आणि हात काढायचे. कापड काढायची रोझाली पँशॉ. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हडकुळी, नखांत पांढरा रंग साचलेला. रेशीम, मखमल, लेस, सगळं तीच रंगवायची. खाली नाव मास्तरांचं लागायचं. अनाथाश्रमात वाढलेली. पेरिनला एवढं पुरलं.

पहिल्या दिवशी दोघींनी मिळून बाहुलीला झगा चढवला. नोव्हेंबरअखेरचा उजेड, चारला संपणारा. पेरिनने पोटावरच्या फिती बांधल्या, रोझालीने बाह्या. कोपरापासून लोंबणारी तीन पदरी लेस, राणीसाहेबांच्या लग्नातली. पेरिनच्या बोटांना ती जरा राठ लागली. थंडीने बोटं बधिरली असतील, असं तिला वाटलं. मग ती खुर्चीवर जाऊन बसली, आणि तिने रोझालीवर नजर लावली ती लावलीच.

"मावशी, पापणी तरी हलवा," तिसऱ्या दिवशी रोझाली म्हणाली. "मास्तर चुकून तुमचंच चित्र काढतील."

"तू तुझ्या कामाकडे बघ."

"मी बघतेच आहे. तुम्ही माझ्या हातांकडे बघताय."

"हातांकडेच बघायला मला पाठवलंय."

रोझाली सूप प्यायला बसली की पेरिन बसायची, ती उठली की पेरिन उठायची. दुपारी मास्तर घरी जेवायला जात तेव्हाही ही खुर्ची सोडत नसे. टोपलीतला पाव आणि चीज तिथेच खाई, जपमाळ बोटांत. संध्याकाळी दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या गळ्यात घाली. मास्तर कुरकुरले, "बाई, चित्रशाळा माझी आहे!" तर म्हणाली, "आणि झगा राणीसाहेबांचा आहे." पुढे मास्तरांनी किल्ली मागितली नाही.

सगळ्यात वाईट तिला त्या कॅनव्हासचं वाटे. निळं रेशीम रोज भरत चाललं होतं, फिती चमकत होत्या, आणि वर चेहऱ्याच्या जागी कोरा डाग. जणू राणीसाहेबसुद्धा तिथे काय चाललंय ते बघायला तयार नव्हत्या.

नवव्या दिवशी उजेडासाठी मास्तरांनी कॅनव्हास खिडकीकडे सरकवला, आणि मागची भिंत उघडी पडली. भिंतीवर एक तपकिरी कागद टाचलेला होता. त्यावर खडूने बाहीच्या लेसची नक्षी काढलेली, मूळच्या चौपट मोठी. वेल, पानं, फुलं. लेस रंगवण्याआधी वेल कुठून कुठे जाते ते कळावं म्हणून रोझाली नेहमी असं मोठं करून काढायची. लांबचं पेरिनला लख्ख दिसत होतं. तिने वेल नजरेने धरली आणि डाव्या बाहीच्या काठाशी आली. तिथे तिची नजर अडकली.

सहा वर्षांपूर्वी एका नाचाच्या रात्री मेणबत्तीची ठिणगी उडून डाव्या बाहीवरच्या फुलाची एक पाकळी जळाली होती. राणीसाहेब दाराशी थांबलेल्या. पेरिनने उभ्या उभ्या जळका भाग कापून फूल आवळलं आणि पाच पाकळ्यांचं केलं. काम इतकं साफ झालं, की कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिनेही कुणाला सांगितलं नाही. सगळी फुलं सहा पाकळ्यांची, ते एक पाचाचं.

कागदावरच्या त्या फुलाला सहा पाकळ्या होत्या.

"हे फूल तू अंदाजाने काढलंस?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कुठलं? काठाचं?" रोझालीने वळूनही पाहिलं नाही. "मी अंदाजाने काही काढत नाही, मावशी. मला फूल काढता येत नाही. समोरचं बघता येतं."

रोझाली ब्रश धुवायला अंगणात गेली तशी पेरिन उठली आणि तिने रोझालीची टोपली उपसली. पावाचा तुकडा, लोकरीचा मोजा, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी मऊ. तिने फडकं डोळ्यांपासून हातभर लांब धरून सोडलं.

"कांदा आहे," दारातून रोझाली म्हणाली. "भाजून ठेवलेला. खायचाय?"

पेरिन ओशाळली नाही. "राणीसाहेबांची लेस कुठे आहे?"

"ती काय बाहुलीच्या अंगावर."

"ती नव्हे. ती नक्कल आहे. खरी कुठे आहे?"

रोझालीच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण ती मागे सरली नाही. "मावशी, असं तोंडातून काढू नका. तुम्ही राजवाड्यातल्या. तुमचं एक वाक्य आणि मला थेट तुरुंगात टाकतील. माझ्यामागे कोण आहे? मास्तर? मास्तर म्हणतील, मी हिला ओळखतच नाही."

"मग सांग खरं. हा कागद कधी काढलास?"

"पहिल्या दिवशी."

"खोटं बोलू नकोस."

"पहिल्याच दिवशी! झगा चढवला आणि लगेच. तुम्ही त्या खुर्चीवर होतात. खडूचा भुगा रेशमावर उडेल म्हणून माझ्यावर ओरडलात, म्हणून मी भिंतीपाशी जाऊन, तुमच्याकडे पाठ करून काढला. मग पुढ्यात कॅनव्हास आला. आठवा ना जरा!"

पेरिनला आठवलं. भुग्यावरून ती ओरडली होती. खिडकीत शेवटचा उजेड होता, आणि टोपली उघडल्याला तासही झाला नव्हता. त्या तासात तिने या पोरीवरून नजर काढली नव्हती. त्या तासातच काय, नऊ दिवसांत काढली नव्हती. रोझाली चोर नाही याला जगात एकच साक्षीदार होता, आणि तो रोज चार पावलांवर खुर्ची टाकून बसत होता.

ती खाली बसली. मग लेस आली तशीच आली होती. चोवीस टाचण्यांच्या आतून. टाचण्या व्होकलाँबाईंनी लावल्या होत्या.

बराच वेळ तिने तो विचार पुढे जाऊ दिला नाही. माळेचे मणी सरकवले, पण प्रार्थना जागेवर येईना. नक्कल करणारीला व्होकलाँबाईंनी नमुना म्हणून उजवी बाही दिली असणार. तिच्यावरूनच तिने दोन्ही केल्या. वर्षअखेरीला खात्यात सगळ्या वस्त्रांची तपासणी व्हायची, भिंग लावून. तेव्हा नक्कल सापडणारच. आणि तेव्हा कुणाकडे बोट जाणार? झगा वीस दिवस बाहेर होता. अनाथाश्रमातली मुलगी त्याच्या जवळ होती. आणि राखणीला एक बाई होती जिला हातातलं दिसत नव्हतं. व्होकलाँबाईंनी राखणीला तिलाच का निवडलं, तेही आता उघड होतं.

"मावशी," रोझालीने हळूच विचारलं, "तुम्ही त्या दिवशी लेस हातात घेतली होतीत. तुम्हाला कळलं कसं नाही?"

मग तिने पेरिनच्या गुडघ्यावरच्या फडक्याकडे पाहिलं. मघाशी पेरिनने ते हातभर लांब धरून सोडलं होतं. कापड बघण्यातच रोझालीची पोटाची भाकर होती. माणसाचं बघणंही तिच्या नजरेतून सुटलं नाही. तिने कांदा उचलून अर्धा केला आणि एक अर्धा पेरिनच्या हातावर ठेवला. दोघींनी तो खाल्ला.

दोन दिवसांनी व्होकलाँबाई स्वतः चित्रशाळेत आल्या. केसाळ कातड्याचे हातमोजे, गालावर लाली. येताच त्यांनी पेरिनची सुयांची गादी मागून घेतली आणि खिडकीशी उभ्या राहून भराभरा सुया ओवल्या. पेरिन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"घे. उद्यापर्यंत पुरतील." मग आवाज खाली करून, "ती मुलगी कशी आहे?"

"कामाला बरी आहे."

"टोपली बघत जा तिची. अशांच्या घरी कोण शिकवणार, काय आपलं आणि काय परक्याचं."

"बघितली," पेरिन म्हणाली. "कांदा होता."

व्होकलाँबाई हसल्या. मास्तरांजवळ जाऊन त्या चित्र न्याहाळू लागल्या. वाहवा केली. मग बोटाने दाखवून म्हणाल्या, "बाहीवर मात्र एक पातळ ओढणी येऊ द्या हं, मास्तर. अशी कोपरावरून. राणीसाहेबांना लेस फार दिसलेली आवडणार नाही."

"पण बाईसाहेब, लेस तर पूर्ण झाली! या मुलीचे पाच दिवस गेलेत."

"मग अर्ध्या दिवसात झाकली जाईल."

त्या गेल्या. चित्रातली लेस कुणी झग्याशी ताडून बघू नये म्हणून ही ओढणी, हे पेरिनने ओळखलं. रोझाली ब्रश हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"मावशी, झाकू?"

"राणीसाहेबांचा हुकूम लेखी आलाय?"

"नाही."

"मग कशाला झाकतेस? मास्तर विचारतील तेव्हा म्हण, खालचा रंग ओला आहे."

शनिवारी पेरिन पापकबुलीला गेली. जाळीपलीकडून पाद्रीबाबांनी विचारलं, काय पाप केलंस?

"चाळीस वर्षं सगळ्यांवर संशय घेतला, बाबा."

"ते तर मला माहीत आहे."

"एकीवर घेतला नाही. ते मोठं पाप, की हे?"

पाद्रीबाबा म्हणाले, "पेरिन, तुला काय करायचंय ते तुला ठाऊक आहे. तू इथे परवानगी मागायला आली आहेस की सुटका?"

"सुटका मागायला आले होते," ती म्हणाली.

चित्र पूर्ण झालं ते नेमकं संत लुसीच्या सणाला. चेहऱ्याचा कागद चिकटवला गेला, मानेचा सांधा मास्तरांनी बुजवला, आणि चित्र राजवाड्यात पोशाखखात्याच्या मोठ्या दालनात आणलं. झगाही शेजारी बाहुलीवर उभा केला. खात्याच्या सरदारीण असलेल्या वयस्क डचेस आल्या, मागे व्होकलाँबाई, मास्तर, दोन कारकून. रोझाली दाराशी.

रीत अशी, की राखणीला बसलेल्या बाईला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारायचा. डचेसनी तो विचारला, लक्ष अर्धं चित्राकडेच ठेवून. "वस्त्र आहे तसंच चित्रात आहे ना?"

हो म्हटलं की काम संपायचं. पेरिनने चित्राकडे पाहिलं. चेहरा सुंदर आला होता, गुलाबी, किंचित हसरा, कशाशीच देणंघेणं नसलेला. बाही पुढे आलेली. काठाशी फूल.

"चित्र खरं आहे, बाईसाहेब," ती म्हणाली. "वस्त्र खोटं आहे."

डचेसनी चित्रावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं.

"डाव्या बाहीवरचं काठाचं फूल पाच पाकळ्यांचं असायला हवं. सहावी जळाली तेव्हा मी दुरुस्त केलं होतं. या मुलीने समोर होतं ते काढलंय, सहा पाकळ्या. पहिल्याच दिवशी काढलंय, टोपली उघडल्याच्या तासात, माझ्या डोळ्यांदेखत. म्हणजे टोपलीत लेस आली तीच नकली होती."

"काहीतरीच!" व्होकलाँबाई पुढे झाल्या. आवाजात हसू होतं. "पेरिन, अगं तुला काय दिसतंय? बाईसाहेब, मी दयेपोटी बोलले नाही इतके दिवस, पण हिला जवळचं मुळीच दिसत नाही. हिच्या सुया मी ओवते!"

हे येणार हे पेरिनला माहीत होतं. तरी ऐकताना कान गरम झाले.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "दोन वर्षं दिसत नाही. व्होकलाँबाईंना ते माहीत आहे, म्हणूनच मला राखणीला पाठवलं. मला जवळून दिसत नाही. लांबून दिसतं. बाईसाहेबांनी भिंग मागवावं."

भिंग आलं. कारकुनाने आधी फुलाच्या पाकळ्या मोजल्या, मग दोरा बघितला. मग त्याने भिंग डचेसच्या हातात दिलं.

आरडाओरडा झाला नाही. राजवाड्यात असल्या गोष्टींना आवाज नसतो. नाताळच्या आत व्होकलाँबाई "हवापालटासाठी" नॉर्मंडीत बहिणीकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत. लेस परत आली की नाही, कुणी सांगितलं नाही. रोझालीला कुणी काही विचारलं नाही. कागदावर तारीख घालायची सवय मात्र तिने त्या दिवसापासून लावून घेतली. आणि पेरिनला दंडकाप्रमाणे लेसवरून काढलं. डचेसनी धोबीखाना माफ केला, एवढी दया. चाळीस वर्षांची खोली नववर्षाआधी रिकामी करायची होती.

तिने ट्रंक भरली तेव्हा सुयांची गादी हाताला लागली. व्होकलाँबाईंनी ओवलेल्या शेवटच्या सुयांपैकी चार अजून तशाच होत्या, दोऱ्यासकट. तिने त्या उपसल्या नाहीत, वापरल्याही नाहीत. त्या बाईसाठी तिने रोज एक माळ म्हणायला सुरुवात केली, आणि ती म्हणताना दात आवळलेले असायचे, हेही तिने पाद्रीबाबांना सांगून टाकलं.

तार्दिव्होमास्तरांनी तिला बोलावलं ते दयेने नव्हे. बाहुलीला झगा चढवल्यावर चार पावलं मागे उभं राहून कुठली चुणी खोटी पडली आहे हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. "डावीकडची उचल. एवढी नाही. मेल्या मढ्यासारखी लोंबतेय," असं ती खुर्चीवरून सांगायची आणि रोझाली चुण्या लावायची. चष्माही तिने घेतला, शिंगाच्या काड्यांचा, पण तो नाकावर ठेवला की रोझालीला हसू यायचं, म्हणून ती तो पापकबुलीला जातानाच लावी. फिती शिवायचं लहानसहान काम निघालं, तर सुया रोझाली ओवून द्यायची.

मास्तर गेले, दुसरे आले. पेरिन त्या खुर्चीवर आणखी नऊ वर्षं बसली. राणीसाहेबांचं ते चित्र परदेशी कुठल्याशा वकिलातीत लागलं. तिथे येणारे-जाणारे लेसच्या कामाची तारीफ करतात, असं एकदा कुणीतरी येऊन सांगितलं. रोझाली लाजली. पेरिन म्हणाली, "करू देत. मोजत तर नाहीत ना?"

आणि रोज संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ती रोझालीची टोपली पुढ्यात ओढायची, एकेक वस्तू हातभर लांब धरून बघायची आणि परत ठेवायची. रोझाली दाराला टेकून थांबायची.

"सापडलं काही, मावशी?"

"आज कांदा नाही," पेरिन म्हणायची. "उद्यापासून आणत जा."